न थांबणारं पायडल

आमच्या घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू म्हणजे बाबांची रेसची सायकल. देवघरातल्या तांब्याला महिन्यातून एकदा चिंच लागायची. हिला मात्र दर शनिवारी संध्याकाळी आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा आणि शिलाई मशीनचं तेल.

नोकरीला जायला वेगळी, काळी सायकल होती. बिबवेवाडी ते येरवडा आणि परत, रोज. ती भिजली, गंजली, कुणी मागून नेली तरी चालायचं. रेसची सायकल फक्त रविवारची. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल, दहा गिअर. बाबा पहाटे चार-पाच मित्रांबरोबर कात्रजच्या घाटाकडे निघायचे आणि दहाच्या पुढे उगवायचे, तोवर आईने पोहे तीनदा गरम केलेले असत. तरुणपणी ते शर्यतींत उतरायचे. एकदा सोळावे आले होते, ते पहिले आल्याच्या थाटात सांगायचे.

मला त्या सायकलला हात लावायची बंदी होती. अकरा वर्षांची असताना मी एकदा गिअरचा दांडा नुसता ओढून पाहिला आणि चेन पडली. बाबा ओरडले नाहीत, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ओरडले असते तर मी विसरून गेले असते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते निव्वळ बापाच्या काळजीपोटी केलं, असं लोकांनी मला खूप ऐकवलं आणि मीही ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

आई गेली. मी माझा संसार आवरून माहेरी परत आले, त्याची गोष्ट वेगळी. तिसऱ्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा त्यांना अडुसष्टावं लागलं होतं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कळायचं सगळं, पण शब्द सापडायचा नाही. 'पाणी' म्हणायला दोन मिनिटं लागायची आणि तेवढ्यात मीच घाईघाईने 'चहा? चादर? पंखा?' असं विचारून त्यांचा उरलासुरला शब्द घालवायचे. आयुष्यभर चार शब्दांत समोरच्याला गप्प करणारा हा माणूस. त्याच्यापुढे मी वटवट करत बसलेली असायचे आणि स्वतःचाच राग यायचा.

घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. "काका, राइट लेग मूव्ह होत राहिला पाहिजे," ती सांगायची. "तुम्ही स्वतः नाही हलवला तरी चालेल, कुणी हलवून दिला तरी चालेल, पण थांबायला नको." तिने खुर्चीत बसून पायाने फिरवायचं एक प्लॅस्टिकचं यंत्र आणायला लावलं. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि डाव्या पायाने ते पलंगाखाली सारलं. मी बाहेर काढलं की ते पुन्हा आत. चौथ्या दिवशी मी नाद सोडला.

त्यांची नजर असायची गॅलरीतल्या सायकलवर. शेवटी मी वैतागून म्हटलं, घ्या, तीच घ्या. खाली पार्किंगमध्ये एका लोखंडी स्टँडवर तिचं मागचं चाक अधांतरी बसवलं आणि बाबांना वर चढवलं. पण जमेना. डावा पाय जोर लावायचा, उजवा अर्ध्या फेरीत अडायचा, बाबा दमून थांबायचे. पायडल थांबायचं आणि चाक मात्र टिकटिक करत एकटंच फिरत राहायचं. त्या टिकटिकीचा मला संताप यायचा.

बाबांचे सायकलवाले बुधवार पेठेतल्या एका बोळात होते. वडिलांपासूनचं दुकान. बाबा त्यांना 'उस्ताद' म्हणायचे आणि ते बाबांना 'साहेब'. चाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं, पण बाबांनी ती सायकल दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती. मी उस्तादांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ऐकलं.

"मग फिक्स करावी लागेल," ते म्हणाले. "मागच्या या पाच चकत्या निघतील. त्यांच्यातच ती सोय असते, पाय थांबला तरी चाक फिरायची. त्याऐवजी एकच चकती बसवायची, चाकाच्या मधल्या हबवर घट्ट. मग चाक आणि पायडल एक झालं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. साहेबांनी पाय थांबवला तरी चाक त्यांचा पाय फिरवणार."

मी फिजिओवाल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "परफेक्ट! हेच तर हवंय आपल्याला."

दुसऱ्या दिवशी मी सायकल टेम्पोत घालून बोळात नेली आणि रजा टाकून दुकानासमोरच्या स्टुलावर बसले. पाच चकत्यांचा तो गठ्ठा तीस वर्षांत हबला असा धरून बसला होता की काही केल्या सुटेना. उस्तादांनी रॉकेल सोडलं, वाट पाहिली, पान्याला हातभर लांबीचा पाइप लावला आणि मला म्हणाले, "ताई, चाक धरा दाबून." मी सगळं वजन टाकलं. कडकन आवाज झाला आणि तो गठ्ठा फिरला. मग त्यांनी एक चकती आट्यांवर चढवली, बाहेरून रिंग आवळली, चेन तोडून आखूड केली, चाक मधोमध यावं म्हणून एकेक स्पोक ओढत आऊट काढला. गिअरचे दांडे, वायरी, चेन ढकलणारा मागचा घोडा, एकेक वस्तू निघून पत्र्याच्या थाळीत पडत होती. कबूल करते, मला ते बघताना बरं वाटत होतं. ज्या दांड्यापायी बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते, तोही त्या थाळीत होता.

शेवटी सायकलच्या सांगाड्याला मागच्या चाकाजवळ जोडलेला एक छोटा लोखंडी तुकडा उरला. त्याला गिअर लटकतो. उस्ताद त्याला 'कान' म्हणत होते.

"हा राहू दे," ते म्हणाले. "मध्ये येत नाही. उद्या साहेबांना गिअर परत बसवावेसे वाटले तर लागेल."

"कापून टाका," मी म्हटलं.

"ताई, कान गेला की गेला. परत हिला गिअर नाही."

"ती आता कुठे रस्त्यावर जाणार आहे?"

"साहेबांना विचारलंत?"

"त्यांनीच सांगितलंय."

उस्तादांनी हातातली करवत तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "बोलतात का आता?"

"मला कळतं त्यांचं," मी म्हटलं.

मी बाबांना काहीही विचारलं नव्हतं. 'सायकल जरा दुरुस्त करून आणते' एवढंच म्हणून मी घराबाहेर पडले होते. मला त्यांचा पाय परत हवा होता, यात शंका नाही. पण पाय आला की हा माणूस एका रविवारी पहाटे घाटाकडे निघणार आणि मी आईसारखी पोहे गरम करत खिडकीत उभी राहणार, हेही मला दिसत होतं. या वेळी तर ते परत येतील की नाही याचीही खात्री नव्हती. त्या वयात, त्या पायाने, गिअरशिवाय घाट चढवत नाही. कान कापला की घाट संपला. उस्तादांनी करवत चालवली, मग तिथे कानस फिरवून जागा गुळगुळीत केली.

टेम्पोत सायकल चढवताना ते मागून आले. "एक गोष्ट साहेबांना बजावून सांगा. हिच्यावर टांग टाकून बसायचं नाही. कधीच नाही. हिचं पायडल थांबत नाही."

पुण्यातला बाबांच्या वयाचा माणूस सायकलवर बसत नाही, टांग टाकतो. डावा पाय पायडलवर ठेवायचा, उजव्याने जमिनीला दोन-तीन रेटे द्यायचे, सायकल पळायला लागली की उजवा पाय मागून घालून सीटवर. रेसवाली तरुण पोरं दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभी राहतात आणि मग निघतात. बाबा रेसच्या सायकलवरही टांगच टाकायचे. साठ वर्षांची सवय, तिच्यात विचार नसतो. साध्या सायकलचं डावं पायडल तेवढा वेळ माणसाला तोलून खाली गप्प राहतं. फिक्सचं राहत नाही. चाक फिरलं की ते फिरतं आणि वर उभ्या असलेल्या माणसाला उचलून टाकतं.

"हो, सांगते," मी म्हटलं, आणि सांगितलं नाही. विसरले नाही, टाळलं. ते सांगायचं तर रस्त्याचा विषय काढावा लागला असता, आणि तो विषय मला घरात नको होता. शिवाय स्टँडवरच्या सायकलला टांग कोण टाकतं, असं मी स्वतःला समजावलं.

सायकल परत आली तेव्हा बाबा पार्किंगमध्ये खुर्चीवर बसले होते. त्यांनी खुणेने ती जवळ आणायला लावली. हँडलवर गिअरच्या दांड्यांची जागा रिकामी होती, तिकडे पाहिलं. मग वाकून डाव्या हाताचा अंगठा कान होता त्या जागेवरून फिरवला. एकदा, दोनदा. मी उगाच म्हटलं, "आता पाय छान फिरेल, बाबा." त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून माझं निभावलं.

पाय खरोखरच छान फिरला. छोट्या स्टुलावर उभं करून, माझ्या खांद्याचा आधार देऊन मी त्यांना वर बसवायचे आणि उजवा पाय पट्ट्याने पायडलला बांधायचे. डाव्या पायाने वेग दिला की चाक उजव्या पायाला आपल्याबरोबर फिरवून आणायचं. अडायचं नाव नाही. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग वीस, मग सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका फिरून येताना रोज विचारायचे, "काय, कात्रज आलं का?" पहिल्या दिवशी मी हसले. महिन्याभराने मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतोच." त्यानंतर ते पलीकडच्या जिन्याने जायला लागले. दोन महिन्यांत पट्टा सुटला. बाबा काठीशिवाय सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारू लागले. नातेवाईक म्हणायचे, मुलगा असता तर एवढं केलं नसतं. मी पदर नसताना पदर सावरल्यासारखं करायचे.

शब्दही एकेक परत येत होते. पहिल्या काही शब्दांत 'रविवार' होता. त्यांच्या मित्रांचे सुरुवातीला फोन यायचे. पलीकडून 'हॅलो, हॅलो', इकडून नुसता श्वास. हळूहळू फोन थांबले. पण दर रविवारी ते लोक घाटाच्या पायथ्याशी एका टपरीवर चहाला थांबतात, हे बाबांना ठाऊक होतं. ते पायडल मारता मारता म्हणायचे, "रविवार." मी म्हणायचे, "पुढच्या रविवारी बघू." पुढच्या रविवारी पाहुणे यायचे, ढग यायचे, माझं डोकं दुखायचं. मी त्यांना रिक्षाने टपरीवर नेऊ शकले असते. अर्ध्या तासाचं काम. ते मला सुचलं नाही असं नाही. एकदा नेलं की दर रविवारी न्यावं लागेल, असं मला वाटलं. असे अकरा रविवार गेले.

बाराव्या रविवारी मी आंघोळीला गेले असताना दार वाजलं. धडाधड. ओल्या केसांनी दार उघडलं तर वॉचमन. तो पुण्याबाहेर मांजरीकडच्या एका गावचा होता, धापा टाकत होता.

"ताई, सायेब पडलं! मी म्हणलं, थांबा, ताईस्नी बोलावतो. तर हातानंच गप म्हणलं मला. डावा पाय ठिवला, दोन रेटं मारलं, अन् त्या पायडलनंच उचलून टाकलं बघा. गेटापाशी पडल्यात."

बाबा गेटाजवळ डाव्या कुशीवर पडले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्याला रविवारची पांढरी टोपी. स्टँडजवळ जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर स्टँडचे सगळे नट ओळीने ठेवलेले, शेजारी पाना. एका डाव्या हाताने एवढं करायला त्यांना अर्धा तास तरी लागला असेल. तो अर्धा तास मी घरात भाजी निवडत होते, मग केसांना तेल लावत होते.

डाव्या बाजूचा खुबा मोडला. डावा, म्हणजे चांगला पाय, ज्याच्या जिवावर उजवा शिकत होता. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून घरातल्या घरात चालतील, त्यापुढची अपेक्षा ठेवू नका. मी दवाखान्यात येईल त्याला सांगत होते, "न सांगता गेले हो. पहिल्यापासून हट्टी." लोक माझ्याकडे कौतुकाने आणि बाबांकडे दटावल्यासारखं बघायचे. बाबा छताकडे बघायचे. खोटं बोलायला मला शब्द शोधावे लागत नव्हते.

सायकल डोळ्यांसमोर नको म्हणून मी ती टेम्पोने उस्तादांकडे पाठवून दिली. टेम्पोवाल्याने तिकडे सगळी हकिगत सांगितली असावी, कारण दोन दिवसांनी दुपारी उस्ताद आमच्या दारात उभे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अंगात धुतलेला पांढरा कुर्ता, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं. हॉलमध्येच बाबांचा पलंग टाकला होता. उस्ताद बाबांच्या उशाशी खुर्चीच्या कडेवर टेकले. पुडकं उघडून त्यांनी पलंगावर ठेवलं. गिअरचे दांडे, घोडा, पाच चकत्या, सगळं रॉकेलने धुऊन, तेलाचा हात फिरवून ठेवलेलं.

मी चहा टाकला, पण कान बाहेरच होता.

"साहेब, मला झोप नाही," ते म्हणाले. "माझ्या हातून घडलं हे. कान कापायला माझा हात उठत नव्हता. पण आपणच सांगितलंत असं ताई म्हणाल्या, म्हणून कापला."

चहा उतू गेला, मी गॅस बंद केला.

"आणि टांगेचं मी ताईंना बजावून सांगितलं होतं," उस्ताद म्हणाले. "हिच्यावर टांग टाकायची नाही म्हणून. ते तरी आपल्याला सांगितलं होतं ना त्यांनी? की मीच नीट सांगायला कमी पडलो?"

मी कप घेऊन दारात आले होते. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मी गणितात अडले की ते जसे थांबायचे, तसे पाहत थांबले. मी बोलेन म्हणून ते थांबले होते, हे मला आज कळतं असं नाही. तेव्हाच कळलं होतं. मी कपांकडे बघत राहिले.

मग बाबांनी तोंड उघडलं. पहिला शब्द सापडेना. ओठ हलले, थांबले, डावा हात चादरीवर काहीतरी शोधत फिरला. उस्ताद पुढे वाकले. एरवी मी तीन शब्द पुढे केले असते, त्या वेळी एकही केला नाही.

"हिने," बाबा म्हणाले. बऱ्याच वेळाने, "सांगितलं होतं." मग डोळे मिटून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं, "मीच... विसरलो."

झटका आल्यापासून त्यांनी जुळवलेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. ते खोटं होतं आणि माझ्यासाठी होतं.

उस्तादांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. डोळे पुसले आणि म्हणाले, "होतं साहेब, सवय असते." मग त्यांनी आमच्या घरचा चहा प्यायला. बाबांचा कप मी त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही, या विषयावर, कधीच नाही.

बाबा त्यानंतर दोन वर्षं होते. या काळात मी उस्तादांना खरं सांगायला दोनदा बुधवार पेठेत गेले. पहिल्यांदा दुकानात गिऱ्हाईक होतं. दुसऱ्यांदा ते एकटेच होते. त्यांनी स्टूल पुसून दिलं, साहेबांची चौकशी केली आणि "ताई, काय हवं होतं?" असं विचारलं. मी म्हटलं, "पंक्चरचं सोल्युशन." घरात तेव्हा एकही सायकल नव्हती. ती ट्यूब अजून माझ्या कपाटाच्या खणात आहे, न उघडलेली.